बोटांखालचें अवजार

विळी विकत घेतांना घरांतील जाणती बाई पात्याच्या धारेवरून अंगठा हलकेच फिरवून पाहते आणि पाट जमिनीवर टेकवून तो डगमगत तर नाहीं ना, याची खात्री करून घेते. सुतार रंध्याचें पातें डोळ्यांसमोर धरून पाहिल्याखेरीज लांकडाला हात लावीत नाहीं. टांक-दौतीचे दिवस होते तेव्हां शाळेंत जाणारा मुलगादेखील दुकानदाराच्या कागदावर चार रेघोट्या ओढून मगच टांक पसंत करीत असे. हाताच्या अवजाराची पारख हातानेंच करावयाची, हें शहाणपण घराघरांत मुरलेलें आहे. तथापि त्याच घरांत संगणक येतो तेव्हां हें शहाणपण कोठें जातें, कोण जाणे! पडदा किती इंचांचा, स्मृति किती, वेग किती, हप्ता किती, या सर्वांचा खल होतो. आणि ज्या वस्तूवर घरांतल्या माणसांचीं बोटें पुढें दररोज हजारों वेळां पडावयाचीं, त्या कळफलकाविषयीं कोणी एक प्रश्नहि विचारीत नाहीं. पेटीबरोबर जो येईल तो मुकाट्यानें स्वीकारला जातो.

याच्या अगदीं उलट असा एक वर्ग गेल्या दहा-पंधरा वर्षांत उदयास आला आहे. कळफलक जमविणें हाच या मंडळींचा छंद. कळेच्या आंतील स्विच उघडून त्यांत वंगण भरावें, निरनिराळ्या रंगांच्या टोप्या महिनोन् महिने आधीं पैसे भरून मागवाव्या, एका कळफलकाचा आवाज दुसऱ्याहून किती गोड आहे याची चर्चा रात्र रात्र करावी, असा हा षोक आहे. षोक निरुपद्रवी आहे, आणि तो करणाऱ्यांनीं या वस्तूकडे जगाचें लक्ष वेधलें, हें त्यांचें ऋणहि मान्य केलें पाहिजे. परंतु बाहेरून पाहणाऱ्या सामान्य माणसाची यामुळें एक चुकीची समजूत होते. चांगला कळफलक म्हणजे हौशी लोकांचें खेळणें, साध्या कामाला साधाच पुरे, असें तो ठरवून टाकतो. एकानें अवजाराकडे पाहिलेंच नाहीं, दुसऱ्यानें अवजाराखेरीज कशाकडे पाहिलें नाहीं. या दोहोंच्या मध्यें जो खरा प्रश्न उभा आहे तो असा, कीं रोज लिहावयाचें ज्याच्या नशिबीं आहे त्याच्या हाताखालीं कोणतें अवजार असावें?

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाहीं. भाषांतरावर पोट भरणारा गृहस्थ, हिशेबाच्या वह्या संगणकावर उतरविणारा कारकून, प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी, उतारवयांत आठवणी लिहून काढणारे निवृत्त शिक्षक, टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणारा उमेदवार, या सर्वांचे दिवसाचे तासचे तास त्या फळीवर जातात. संगणक पांच-सात वर्षांनीं बदलतां येतो. बोटें आणि मनगटें मात्र जन्मभर तींच पुरवावयाचीं असतात.

आधीं कळ दाबली म्हणजे घडतें काय, हें समजून घेणें इष्ट आहे. क्रिस्तोफर लॅथम शोल्स या अमेरिकन गृहस्थानें १८६८ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह टंकलेखनयंत्राचें पेटंट मिळविलें आणि १८७४ सालीं रेमिंग्टन कंपनीनें तें यंत्र बाजारांत आणलें. त्या यंत्रांत बोटाचाच जोर तरफांवाटे अक्षराच्या दांडीपर्यंत पोंचत असे आणि दांडी कागदावर आपटे. काम झालें कीं नाहीं हें बोटाला व कानाला एकाच क्षणीं कळत असे. संगणकाला अशा जोराची गरजच नाहीं. विजेचें एक मंडल क्षणभर जुळलें कीं त्याचें काम भागतें. परंतु बोटाची गरज मात्र नाहींशी झालेली नाहीं. अक्षर उमटलें, आतां पुढच्या कळेकडे जावें, अशी खूण त्याला मिळावीच लागते. जुन्या यंत्रांत ही खूण आपोआप मिळत होती. नव्या यंत्रांत ती मुद्दाम घडवावी लागते. चांगल्या आणि वाईट कळफलकांतील बहुतेक सारा भेद या एका गोष्टींत सांठवलेला आहे.

स्वस्त कळफलकांत प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे एकावर एक पसरलेले असतात आणि प्रत्येक कळेखालीं रबराची एक लहानशी घुमटी असते. कळ दाबली कीं घुमटी बसते आणि पापुद्र्यांवरील दोन ठिकाणें एकमेकांस चिकटतात. या रचनेंत घुमटी बहुधा तळापर्यंत बसली पाहिजे, तेव्हांच अक्षर उमटतें. म्हणून लिहिणारा नकळत प्रत्येक कळ शेवटपर्यंत ठोकतो. घुमट्या नव्या आहेत तोंवर हें खपून जातें. पुढें कांहीं कडक होतात, कांहीं सैल पडतात, आणि एकाच फळीवर कोठें जोर कमी पडतो तर कोठें जास्त होतो. खरा त्रास या असमानतेचा आहे. बोटांना हलकी कळ चालते, जडहि चालते; आज एक आणि उद्यां दुसरी, किंवा शेजारीं शेजारीं दोन तऱ्हांच्या, हें चालत नाहीं.

लॅपटॉपमध्यें घुमटीच्या भोंवतीं कात्रीसारखी एक घडी बसविलेली असते. तिच्यामुळें कळ कोठेंहि दाबली तरी सरळ खालीं जाते. तिची चाल मात्र फारच थोडी, साधारण एक-दीड मिलीमीटर. ही रचना वाईट नाहीं; पुष्कळ जलद लिहिणाऱ्यांना तीच आवडते. पण ज्याला खोल कळांची संवय आहे त्याचें बोट येथें तळावर आदळत राहतें.

तिसरा प्रकार यांत्रिक कळफलकाचा. त्यांत प्रत्येक कळेखालीं स्वतंत्र स्विच असतो आणि त्यांत धातूची स्प्रिंग असते. चेरी या कंपनीचे 'एमएक्स' स्विच १९८० नंतरच्या दशकांत निघाले व तेच पुढें या प्रकाराचें माप ठरले. त्यांच्या नेहमींच्या स्विचची पूर्ण चाल चार मिलीमीटर, आणि अक्षर उमटतें तें दोन मिलीमीटरवर, म्हणजे अर्ध्या वाटेंत. बोट तळाला टेंकण्याआधींच काम झालेलें असतें. संवय झाली म्हणजे ठोकण्याची गरज उरत नाहीं. या स्विचांचे तीन स्वभाव आहेत. एक सरळ खालीं जाणारा, लाल रंगाचा. त्याला सुमारें पंचेचाळीस ग्रॅम वजनाइतका दाब पुरतो. दुसरा, मध्यें एक बारीक उंचवटा जाणवणारा, तपकिरी. तिसरा, उंचवट्याबरोबर 'टिक्' असा आवाज करणारा, निळा. हे रंग आतां इतर कारखानदारांनींहि उचलले आहेत. मात्र एकाचा लाल आणि दुसऱ्याचा लाल सारख्याच दाबाचा असेल, असा भरंवसा नाहीं. म्हणून रंगाच्या नांवावर न जातां प्रत्यक्ष बोट ठेवून पाहावें.

याहून जुनी आणि अधिक दणकट रचना आय. बी. एम. कंपनीच्या 'मॉडेल एम' या कळफलकाची. रिचर्ड हॅरिस या तिच्या यंत्रज्ञानें काढलेल्या युक्तीचें पेटंट १९७८ सालचें आहे. कळ दाबतां दाबतां आंतली स्प्रिंग एका क्षणीं एकदम कमान होऊन बाजूला वांकते, आणि तीच खालची तरफ हलविते. बोटाला लागणारी खूण, कानाला येणारा आवाज आणि अक्षराचें उमटणें हीं तिन्ही एकाच घटनेंतून निघतात. १९८५ पासून बनूं लागलेल्या या दोन किलोंहून जड कळफलकाचे कित्येक नग आजहि कामांत आहेत, आणि अमेरिकेंतील केंटकी राज्यांत युनिकॉम्प ही कंपनी ती परंपरा चालवीत आहे. हा कळफलक कचेरीच्या कामासाठीं केलेला होता; पुढें तो हौशी लोकांच्या कपाटांत गेला, ही कालाची गंमत.

भारतांतहि असेंच एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बँकेच्या खिडकीमागें वा दुकानाच्या गल्ल्यावर कारकुनाच्या बोटांखालीं जो टकटक वाजणारा, जाडजूड कळफलक पुष्कळांनीं पाहिला असेल, तो बहुधा टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'गोल्ड'. त्यांत यांत्रिक स्विच असतात. तो वापरणाऱ्या कारकुनानें त्या स्विचाचें नांव कधीं ऐकलेलें नसतें, आणि त्याला तें ऐकण्याचें कारणहि नसतें. दिवसभर आंकडे भरले तरी कळ तशीच उठते, एवढ्यावर तो समाधानी असतो. साधन म्हणून कळफलक वापरणें म्हणजे काय, याचा धडा त्या खिडकीशीं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानें फुकट घ्यावा.

आतां टिकाऊपणाचा हिशेब. यांत्रिक स्विचच्या खोक्यावर एक कळ पांच कोटी किंवा दहा कोटी वेळां दाबली तरी चालेल, असा दावा छापलेला असतो. घुमटीच्या कळफलकाला साधारणपणें पन्नास लाख ते एक कोटीचा आंकडा देतात. आंकडे ऐकून मन दिपतें. पण घरच्या त्रैराशिकानें ते तपासून पाहावे. समजा, एखादा भाषांतरकार रोज दोन हजार शब्द लिहितो आणि एका शब्दाला मोकळी जागा धरून सहा कळा लागतात. म्हणजे दिवसाला बारा हजार, तीनशें दिवसांच्या वर्षांत छत्तीस लाख, आणि दहा वर्षांत सर्व कळा मिळून तीन कोटी साठ लाख दाब. सर्वांत जास्त झिजणारी कळ म्हणजे शब्दांमधील जागेची लांब पट्टी. तिच्यावर दहा वर्षांत साठ लाख दाब पडतील. पांच कोटींचा पल्ला गांठावयास याच वेगानें ऐशीं वर्षांहून अधिक काळ लिहावें लागेल. तात्पर्य, खोक्यावरील मोठ्या आंकड्यासाठीं जास्त पैसे मोजण्याचें कारण नाहीं. यांत्रिक कळफलकासाठीं पैसे द्यावयाचे ते दहाव्या वर्षींहि तो बव्हंशीं पहिल्या वर्षासारखाच दबतो म्हणून.

मराठींत लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती इंग्रजी जाहिरातींत कधीं सांगितलेली नसते. देवनागरीसाठीं 'इन्स्क्रिप्ट' ही कळरचना १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें प्रमाण ठरविली आणि १९९१ सालीं ती भारतीय मानकांत समाविष्ट झाली. या रचनेंत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताकडे आहेत. इंग्रजी लिहिणारा ज्या कळांना क्वचितच स्पर्श करतो, त्या उजव्या कडेच्या कळा येथें रात्रंदिवस राबतात. चौकटी कंसाच्या कळेवर 'ड', अवतरणचिन्हाच्या कळेवर 'ट', अर्धविरामाच्या कळेवर 'च', आणि उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर 'ऑ' ची खूण. 'डॉक्टर' हा एक शब्द लिहून पाहावा: सहा कळांपैकीं तीन उजव्या करंगळीच्या टापूंत येतात. लहान आकाराच्या कांहीं कळफलकांत याच कळा आंखूड केलेल्या, सरकवलेल्या किंवा अजिबात गाळलेल्या असतात. इंग्रजी लेखकाला जें आटोपशीर वाटतें तें मराठी लेखकाच्या करंगळीला जाचक होतें.

तीच गोष्ट 'शिफ्ट' कळेची. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हीं महाप्राण अक्षरें, तसेच ण, ळ, श, ष आणि अ, आ, इ हे सुटे स्वर, हे सर्व शिफ्ट दाबल्याखेरीज उमटत नाहींत. इंग्रजींत वाक्याच्या आरंभीं एकदां लागणारी ही कळ मराठींत शब्दाशब्दाला लागते. 'भाषा' या चार कळांच्या शब्दांत ती दोनदां येते. म्हणून दोन्ही बाजूंच्या शिफ्ट कळा पुऱ्या लांबीच्या, हलक्या आणि कोणत्याहि टोंकाला दाबल्या तरी न अडखळणाऱ्या असल्या पाहिजेत. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठीं मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान तीस शब्द लागतो. त्या परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवाराला ताठर शिफ्ट कळ किती शब्दांना पडेल, हें त्याच्या करंगळीलाच विचारावें. रोमन अक्षरांतून मराठी उमटविणाऱ्यांना ही अडचण कमी जाणवते. तरी त्यांनींहि कळांतील अंतर पाहून घ्यावें. एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत एकोणीस मिलीमीटर हें रूढ माप आहे. 'क्यू'च्या डाव्या कडेपासून 'पी'च्या उजव्या कडेपर्यंत फूटपट्टी धरली असतां सुमारें एकोणीस सेंटिमीटर भरले, म्हणजे माप पुरें आहे असें समजावें.

यापुढचा विचार शरीराचा. कळफलक कितीहि उत्तम असला तरी तो चुकीच्या जागीं ठेवला तर हाताला छळतोच. खांदे सैल, कोपर सुमारें काटकोनांत, आणि मनगट हाताच्या रेषेंत सरळ, ही बैठक सर्वसाधारणपणें हितकर मानली जाते. बहुतेक कळफलकांना मागच्या बाजूला दोन घडीचे पाय असतात व ते उभे करण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु मागची कड उंच झाली कीं मनगट वरच्या बाजूस वांकतें. म्हणून ते पाय मिटलेलेच बरे. उजव्या बाजूचा आंकड्यांचा चौकोन हिशेबनीसाला हवाच. ज्याचें काम केवळ लेखनाचें आहे त्याला तो नसलेला कळफलक सोईचा पडतो, कारण माऊस तितका जवळ येतो आणि उजवा हात दिवसभर बाहेर ताणावा लागत नाहीं. मधोमध दुभंगलेले कळफलकहि मिळतात. रुंद खांद्यांच्या माणसाचीं मनगटें त्यांवर बाहेरच्या बाजूस मुरडत नाहींत. मात्र त्यांची संवय होण्यास कांहीं आठवडे धीर धरावा लागतो. हातांत मुंग्या येऊं लागल्या किंवा दुखणें रात्रींहि राहूं लागलें, तर नव्या कळफलकाच्या शोधांत न पडतां डॉक्टरांकडे जावें. कळफलक हें औषध नव्हे.

लॅपटॉपवर सारा दिवस लिहिणाऱ्याची एक निराळी कुचंबणा असते. पडदा व कळा एकमेकांना जोडलेल्या, त्यामुळें डोळ्यांची सोय पाहावी तर हात अवघडतात, हातांची पाहावी तर मान झुकते. यावर उपाय अगदीं स्वस्त आहे. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर उंच ठेवावा आणि वेगळा कळफलक जोडून तो कोपराच्या पातळीवर ठेवावा. दुरुस्तीच्या दृष्टीनेंहि हें शहाणपणाचें आहे. २०१५ ते २०१९ या काळांत ॲपल कंपनीनें आपल्या लॅपटॉपांत अतिशय पातळ अशा नव्या रचनेच्या कळा बसविल्या होत्या. धुळीच्या कणांनींहि त्या अडूं लागल्याच्या तक्रारी आल्या, २०१८ सालीं कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि पुढें ती रचनाच तिनें सोडून दिली. त्या यंत्रांत कळा बदलावयाच्या तर बहुधा वरचा सबंध सांगाडाच बदलावा लागे. वेगळा कळफलक बिघडला तर तेवढाच बदलतो. संगणक आणि त्यांतील काम सुखरूप राहतें.

घर हें कांहीं कचेरी नव्हे, हेंहि विसरतां कामा नये. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एका कोपऱ्यांत मूल झोंपलेलें, दुसऱ्या कोपऱ्यांत आजोबा पोथी वाचीत बसलेले, आणि रात्रीं अकराला निळ्या स्विचांची टिकटिक सुरू, हें चित्र कोणालाच सुखाचें नाहीं. तेथें सरळ किंवा नुसत्या उंचवट्याचे स्विच घ्यावे, अथवा चांगल्या प्रतीचा घुमटीचा कळफलक घ्यावा. अवजार कारागिराच्या हाताला मानवलें पाहिजे, तसेंच त्याच्या घरालाहि मानवलें पाहिजे. टोप्यांचें प्लॅस्टिकहि पाहावें. 'एबीएस' जातीच्या प्लॅस्टिकला बोटांच्या घर्षणानें लवकर तकाकी येते, 'पीबीटी' अधिक काळ खरखरीत राहतें. अक्षरें वरवर छापलेलीं असतील तर तीं झिजतात. दोन रंगांच्या प्लॅस्टिकांतून ओतलेलीं पुसलीं जात नाहींत. टोप्या निघणाऱ्या असाव्या, म्हणजे पावसाळ्यांतील बुरशी आणि उन्हाळ्यांतील धूळ झटकतां येते. दिव्यांची रोषणाई, विशेष कळांची रांग, खेळाडूंसाठींचा सूक्ष्म वेग, यांचें लेखकाला कांहीं काम नाहीं; तेवढे पैसे वांचवावे.

निवड करावी कशी? शक्य असेल तर दुकानांत किंवा परिचिताच्या घरीं बसून, खुर्ची नीट ओढून, ज्या भाषेंत रोजचें काम चालतें त्या भाषेंतला एक सबंध उतारा लिहून पाहावा. दोन-चार कळा उभ्याउभ्यानें दाबून कांहींच कळत नाहीं. 'एफ' आणि 'जे' यांवरील बारीक उंचवटे डोळे मिटून सांपडतात कीं नाहीं, लांब पट्टी व शिफ्ट टोंकाला दाबल्यावर तिरप्या होतात कीं काय, फळी टेबलावर सरकते कीं काय, हें तपासावें. दहा मिनिटांनंतर मजकूर वाचून चुका कोठें झाल्या तें पाहावें. एकाच कळेभोंवतीं त्या जमल्या असतील तर दोष बहुधा त्या कळेचा आहे. सर्वत्र विखुरल्या असतील तर दोष सरावाचा. नाचतां येईना अंगण वांकडें, हा न्याय येथेंहि लागूं पडतो. महिन्याकांठीं दोन-चार पत्रें लिहिणाऱ्यानें साधा घुमटीचा कळफलक नि:शंक वापरावा, त्यांत कमीपणा नाहीं. ज्याची भाकरीच त्यावर आहे त्यानें मात्र अवजारावर पैसे टाकण्यांत संकोच करूं नये. दहा वर्षांच्या दिवसांत ती रक्कम वांटली तर रोजचा वांटा चहाच्या एका पेल्याहूनहि कमी भरतो.

आणि एकदां निवड झाली कीं थांबावें. साधन आणि छंद यांच्यामधील सीमारेषा येथेंच आहे. जपानमधील संगणकशास्त्राचे प्राध्यापक एइइती वादा यांच्या कल्पनेवरून १९९६ सालीं साठ कळांचा एक लहान कळफलक बाजारांत आला. त्यांनीं मांडलेला एक दृष्टान्त पुढें प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील गुराखी घोडा मेला तर त्याला तेथेंच सोडून देत, पण खोगीर मात्र खांद्यावर टाकून वाळवंट तुडवीत. कारण घोडा दुसरा मिळे, अंगाशीं जुळलेलें खोगीर मिळत नसे. संगणक हा घोडा आणि कळफलक हें खोगीर, असें त्यांचें सांगणें. या दृष्टान्तांत आणखी एक अर्थ दडलेला आहे. त्या गुराख्याजवळ खोगीर एकच होतें. त्यानें दहा खोगिरें जमविलीं असतीं तर तीं वाहून नेतां नेतांच तो वाटेंत थकला असता, आणि त्यांतील एकहि त्याच्या अंगाशीं जुळलें नसतें.

विळीची धार उत्तम असली म्हणजे भाजी चिरणारीला विळी आठवत नाहीं, भाजीच दिसते. धार गेली कीं मग दर क्षणीं विळीचीच आठवण होते. कळफलकाची कसोटी हीच आहे. लिहिणाऱ्याचें लक्ष त्याच्या वाक्यावर असावें, वाक्यांतील विचारावर असावें, आणि बोटांखालीं कांहीं आहे याचा त्याला विसर पडावा. बेपर्वाईनें घेतलेली फळी तो विसर पडूं देत नाहीं, कारण ती बोचते. छंदापायीं घेतलेलीहि पडूं देत नाहीं, कारण ती मिरविते. ज्या कळफलकावर संध्याकाळीं चार पानें लिहून होतात, हात दुखत नाहींत, आणि घरांत कोणी विचारलें तर तो कोणत्या जातीचा हें सांगावयास त्याला उलटा करून पाहावें लागतें, तो कळफलक त्या घरापुरता सर्वोत्तम होय.